वाचकांचे प्रश्न : कोतमधली रायफल आणि कपाटातले पुस्तक

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. 1979 साली बेळगावच्या केंद्रात भरती झालो, 28 वर्षे नोकरी केली, त्यानंतर सोलापुरात परतून काही वर्षे एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलो आणि आता पूर्ण रिकामा आहे. वाचनाचे वेड मला शाळेने लावले नाही, पलटणीने लावले. एका हिवाळ्यात बर्फामुळे आमच्या चौकीचा खालच्या जगाशी संबंध अडीच महिने तुटला होता. तिथे रॉकेलच्या एका रिकाम्या डब्यात मला एक मराठी कादंबरी सापडली, जिला मुखपृष्ठ नव्हते आणि पहिली सोळा पानेही नव्हती. ती मी त्या हिवाळ्यात चार वेळा वाचली. तिचे नाव मला तब्बल अकरा वर्षांनी कळले. सुट्टीवर आलो असताना रद्दीच्या दुकानातल्या ढिगात तीच कादंबरी हाताला लागली आणि दुकानात उभ्याउभ्याच मी ती सोळा पाने वाचून काढली.

आज माझ्याकडे साडेआठशेच्या आसपास पुस्तके आहेत. सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फेरी मारून आम्ही सहा-सात जण माझ्या ओसरीवर बसतो. त्यांत एक निवृत्त शिक्षक आहेत, एक एस.टी.तले वाहक आहेत, दोघे माझ्यासारखेच माजी सैनिक आहेत आणि एकाने सारा जन्म मागावर काढलेला आहे. चहा होतो, नेलेल्या पुस्तकांवर बोलणे होते, मग जो तो नवे पुस्तक घेऊन घरी जातो. आमच्याकडे शस्त्रे ठेवण्याच्या कोठडीला कोत म्हणतात. त्या कोतमधल्या सवयीने मी पुस्तकांचेही इश्यू रजिस्टर ठेवले आहे : तारीख, पुस्तकाचा क्रमांक, नेणाऱ्याची सही, परतीची सही.

गेल्या दिवाळीत रजिस्टर तपासले, तेव्हा 41 पुस्तकांपुढे परतीची सही नव्हती. मी ती यादी दुसऱ्या दिवशी ओसरीवर, तारखांसकट, मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवसापासून गुरुजी येईनासे झाले. त्यांच्याकडची तीन पुस्तके त्यांच्या नातवाने वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिली. सोबत निरोप काहीच नव्हता. आणखी एक अडचण अशी, की आमच्यातले एक मित्र श्रावणात वारले. माझी दोन पुस्तके त्यांच्या घरी आहेत आणि ती कशी मागावीत हे मला सुचत नाही. पत्नी म्हणते, "एक तर पुस्तके सांभाळा, नाहीतर माणसे." मुलगा म्हणतो, सगळी पुस्तके मोबाइलवर स्कॅन करून मित्रांच्या ग्रुपवर टाका. एका हितचिंतकांचे म्हणणे आहे, की रीतसर वाचनालय नोंदवा, अनुदानही मिळेल. मी काय करावे?

— एक माजी सैनिक, सोलापूर (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : सुभेदारसाहेब, सल्ला देण्याआधी मला एक कबुली दिली पाहिजे. माझ्या कपाटात एक पुस्तक आहे, ज्याच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईने दुसऱ्याच माणसाचे नाव लिहिलेले आहे आणि नावाखाली 'वाचून परत करावे' असे आहे. महाविद्यालयात असताना मुरारजी पेठेतल्या आमच्या शेजारच्या एका गृहस्थांकडून ते मी आठ दिवसांच्या बोलीवर आणले होते. पहिला महिना ते वाचून झाले नाही म्हणून राहिले, दुसरा महिना इतका उशीर झाल्याचे काय कारण सांगावे म्हणून राहिले आणि त्यानंतर ते समोरून येताना दिसले की मी बोळ बदलू लागले. त्यांनी एकदाही मागितले नाही. पुढे ते गाव सोडून मुलाकडे गेले आणि पुस्तक माझ्याकडेच राहिले.

परत न आलेल्या पुस्तकामागे बहुतेक वेळा लबाडी नसून लाज असते, हे मी अनुभवाने सांगते. मुदत उलटली की पुस्तक परत करणे म्हणजे उशिराची कबुली देणे होऊन बसते आणि ती कबुली दर दिवसागणिक जड होत जाते. तुम्ही ओसरीवर तारखांसकट यादी वाचलीत, तेव्हा ज्या माणसाने आयुष्यभर मुलांची हजेरी घेतली त्याचीच हजेरी चारचौघांत घेतली गेली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या तीन पुस्तकांचा अर्थ मला तरी एवढाच लागतो.

आता तुमच्या रजिस्टरकडे वळते. कोतमधून एक रायफल कमी भरली तर अख्खी पलटण उभी राहते, हे योग्यच आहे. चुकीच्या हाती पडलेली रायफल माणूस मारते. पण सैन्यात कोत असते तसे क्वार्टरमास्टरचे स्टोअरही असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी चांगले माहीत आहे. तिथून बूट जातात, कांबळी जातात, मेसची भांडी जातात. ती झिजतात, फाटतात, हरवतात, मग कागद होतो, अधिकारी बसतात आणि जे गेले ते सह्यांनिशी राइट ऑफ होते. त्यासाठी कोणाचे कोर्ट मार्शल होत नाही. साहेब, तुम्ही पुस्तकांना कोतमध्ये ठेवलेत. त्यांची जागा स्टोअरमध्ये आहे.

ही नुसती माझी कोटी आहे असे समजू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी खास पुस्तके छापून घेतली होती. गणवेशाच्या खिशात मावतील अशी आडवी, हलकी, कागदी वेष्टनाची ही पुस्तके 1943 ते 1947 या काळात तेराशेहून अधिक शीर्षकांची निघाली आणि त्यांच्या 12 कोटींहून अधिक प्रती फुकट वाटल्या गेल्या. ती परत घेण्याची योजनाच नव्हती. एकाने वाचायची, दुसऱ्याच्या हाती द्यायची, पाने सुटेपर्यंत फिरवायची. बिस्किटे आणि साबणासारखीच ती खर्ची पडायची वस्तू होती.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? तुमच्या चौकीवर रॉकेलच्या डब्यात ती कादंबरी कशी आली असेल? कोणी तरी कोणाकडून तरी ती आणली असणार, बदलीच्या गडबडीत मागे सोडली असणार आणि महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी घरात कोणी तरी तिच्या नावाने अजून हळहळत असणार. त्या माणसाने तुमच्याइतके चोख रजिस्टर ठेवले असते आणि वसुलीही तितकीच चोख केली असती, तर त्या हिवाळ्यात तुमच्या हाताला रिकामा डबा लागला असता.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत असत, त्यात पोथीच बोलते : तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. एकेक पोथी हाताने उतरवायला महिने लागत, तेव्हा ही भीती रास्त होती. छापखान्याने ती पुष्कळशी घालवली. मद्रासच्या शियाळी रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम असा आहे, की पुस्तके वापरासाठी असतात. ग्रंथपालाला तो शिकवावा लागतो, कारण पुस्तकांवर जीव असलेल्या माणसाला कपाट भरलेलेच बघायला आवडते. मलाही आवडते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की साडेआठशे पुस्तकांची दोन कपाटे करा. जे पुस्तक गेले तर रात्री झोप लागणार नाही, जे आता कुठे मिळत नाही, ज्यावर कोणाचे हस्ताक्षर आहे, ते घरातच वाचायला द्या, ओसरीच्या पायरीखाली उतरू देऊ नका आणि तसे सांगताना संकोच करू नका. अशी पुस्तके माझ्या अंदाजाने शंभरसुद्धा भरणार नाहीत. उरलेली देताना मनात ती गेली असेच धरा. परत आली तर भेट आली म्हणा.

रजिस्टर बंद करू नका, पण त्याची जागा बदला. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कोरा कागद डकवा आणि नेणाऱ्याने त्यावर स्वतःच्या हाताने नाव आणि महिना लिहावा, एवढेच. सही तुमच्या वहीत राहिली की ती देणे होते. तीच पुस्तकात गेली की पुढच्या वाचकाला कळते, हे वाहकसाहेबांनी मे महिन्यात वाचले होते, चला, त्यांना विचारू, शेवट त्यांना पटला का. त्या कागदावर तुम्हीही नाव घाला. मालक म्हणून पहिल्या पानावर घालता ते वेगळे; इथे वाचक म्हणून घाला.

राहिली वसुली. ती वर्षातून एकदाच करावी आणि तिच्यासाठी सोलापुरात संक्रांतीइतका चांगला मुहूर्त नाही. गड्ड्याची यात्रा भरलेली असते, बाहेरगावची मुले-नातवंडे घरी आलेली असतात आणि योगायोग असा, की 14 जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस आहे, तर 15 जानेवारी हा सैन्यदिन. 1949 साली त्या दिवशी करिअप्पांनी भारतीय भूदलाची सूत्रे हाती घेतली. त्या दिवशी सगळ्यांना तिळगुळाला बोलवा आणि निरोपात एवढेच घाला, की येताना घरात माझे एखादे पुस्तक दिसले तर घेऊन या. ओसरीवर एक रिकामी टोपली ठेवा. कोणी काय टाकले ते बघायला उभे राहू नका, आत जाऊन चहाचे बघा. संध्याकाळी जे आले नसेल त्यावर रजिस्टरमध्ये लाल शाईने रेघ मारा, खाली 'राइट ऑफ' लिहा आणि सुभेदाराची सही करा. मला वाटते, 41 पैकी बरीच त्या टोपलीत सापडतील, कारण गोड बोलण्याच्या सणाला उशिराचे कारण कोणी विचारत नाही.

गुरुजींसाठी मात्र संक्रांतीची वाट पाहू नका. उद्याच त्यांच्या घरी जा, रजिस्टर न घेता. माफीचे लांबलचक भाषणही नको, फौजी माणसाला ते जमत नाही आणि शिक्षकाला ते ऐकवत नाही. त्यांच्या कपाटातले एक पुस्तक वाचायला मागा. तुमच्या ओसरीवर इतकी वर्षे तुम्ही देणारे आणि बाकीचे घेणारे, असाच व्यवहार चालला आहे. घेणाऱ्याच्या जागी एकदा बसून बघा. ते पुस्तक जपून वाचा आणि जमल्यास दोन दिवस उशिरा परत करा.

वारलेल्या मित्राच्या घरी पुस्तके मागायला जाऊ नका, भेटायला जा. बसल्यावर शेवटच्या दिवसांत ते काय वाचत होते, एवढे त्यांच्या घरच्यांना विचारा. हा प्रश्न मित्राविषयी आहे, मालमत्तेविषयी नाही, हे त्यांना ऐकताक्षणी कळेल आणि पुस्तके बहुधा आपोआप समोर येतील. आली, तर आधी उघडून बघा. कुठे पान दुमडलेले असेल, कुठे बसचे तिकीट खूण म्हणून ठेवलेले असेल, तर ते तसेच राहू द्या. घरच्यांनी ठेवून घ्यावीशी वाटते असे म्हटले, तर त्यांच्यासमोर पहिल्या पानावरच्या तुमच्या नावाखाली त्यांच्या घराचे नाव लिहून द्या.

मुलाच्या सूचनेला मात्र माझा विरोध आहे आणि तो दोन कारणांनी आहे. पहिले कायद्याचे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो, तेव्हा तुमच्या कपाटातल्या बहुतेक पुस्तकांची प्रत स्कॅन करून ग्रुपवर वाटणे म्हणजे परवानगीशिवाय छापणे होय. विकत घेतलेली स्वतःची प्रत मित्राला वाचायला देणे ही वेगळी गोष्ट आहे. तितके दिवस ती तुमच्याकडे नसते आणि त्या नसण्यातच देण्याची किंमत असते. दुसरे कारण अनुभवाचे. माझ्या मोबाइलवर लोकांनी पाठवलेली शे-दीडशे पुस्तके पडून आहेत, त्यांतले मी एकही उघडलेले नाही आणि त्यांतल्या एकाविषयीही पाठवणाऱ्याने मला 'वाचले का?' असे विचारलेले नाही.

वाचनालय नोंदवण्याविषयी थोडक्यात सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा आहे, त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. पण त्यासाठी संस्था हवी, कार्यकारी मंडळ हवे, ठरलेल्या वेळा पाळायला सेवक हवा, दाखल नोंदवही, देवघेव नोंदी, हिशेबतपासणी हे सगळे आले. ओसरीवरचा चहा त्यात कुठे बसतो ते मला दिसत नाही. पुस्तके फारच झाली, तर त्यांतली काही आपल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयाला चालतील का, ते विचारून बघा. त्यापेक्षा या वर्षी तुम्ही सहा-सात जणांनी वर्गणी काढून दिवाळी अंकांचा एक संच घ्यावा, असे मी सुचवेन. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे अंक घराघरांतून फिरतच वाचले गेले आहेत. वर्गणीच्या अंकाला एक मालक नसतो, त्यामुळे तो कोणाकडे अडकला तर यादी वाचायची पाळी तुमच्या एकट्यावर येणार नाही.

जाता जाता एक विचारायचे राहिले. मागावर जन्म काढलेल्या तुमच्या मित्रांविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. आपल्या गावात अशी पुष्कळ घरे आहेत, जिथे घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कन्नड बोलतात आणि ज्यांना मराठी अस्खलित बोलता येते पण वाचताना अडखळायला होते. तुमचे मित्र त्यांपैकी असतील, किंवा मोतीबिंदूने अक्षर पुसट झाले असेल, तर रोज सकाळी चार पाने मोठ्याने वाचत जा. गुरुजी परत आले, की ते काम त्यांच्याकडे द्या. वर्गात वाचून दाखवायची सवय मोडत नाही.

प्रश्न : मैत्रिणीकडून वाचायला आणलेले जाड पुस्तक मे महिन्यात माझ्या हातात असतानाच पाठीतून उकलले आणि आठ पाने सुटली. घरातल्यांनी दोन पानांना पारदर्शक चिकटपट्टी लावून टाकली आहे. नवी प्रत बाजारात मिळत नाही. तसेच परत करावे का?

— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आधी मैत्रिणीला फोन करून सांगा, मग दुरुस्तीला हात घाला, पुस्तक तिचे आहे आणि ते कसे सांधायचे हे ठरवण्याचा हक्कही तिचा आहे. दोष तुमच्या हाताचा नसावा. हल्लीची पुष्कळ पुस्तके जुजबंदी करून, म्हणजे घड्यांना दोऱ्याने शिवून बांधलेली नसतात. सुटी पाने पाठीला नुसत्या गोंदाने चिकटवलेली असतात आणि चाळीस अंशांच्या वर गेलेल्या कोरड्या उन्हाळ्यात तो गोंद जुना असला की कडक होऊन तडकतो.

चिकटपट्टी यापुढे लावू नका. काही वर्षांनी ती पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात मुरतो आणि मग पट्टी निघाली तरी डाग जात नाही. लावलेल्या दोन पट्ट्या ओढूनही काढू नका, अक्षरे तिच्याबरोबर उपटून येतील. त्या बाइंडरला दाखवा.

सुट्या पानांसाठी खळ करा. ताण्याला लावायची खळ सोलापुरात कोणाला शिकवायला नको, फक्त ही मैद्याची करायची : एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवून मंद आचेवर, सतत ढवळत, किंचित पारदर्शक दिसू लागेपर्यंत शिजवावा आणि पूर्ण निवू द्यावा. बाइंडर तीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विष आहे, घरच्या भांड्यात घालू नका. पानाच्या शिवणीकडच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याहून रुंद नाही इतक्या पट्टीत, खळ बोटाने पातळ लावा आणि पान आत सरकवून वरची व खालची कड बाकीच्या पानांशी जुळवा. दोन्ही बाजूंना मेणकागद घाला, म्हणजे शेजारची पाने चिकटणार नाहीत. एका वेळी एकच पान बसवा. मग पुस्तक मिटून त्यावर पाटा ठेवा आणि रात्रभर तसेच राहू द्या. पंख्याखाली वाळवायला ठेवलेत तर कागद ताणून वाकडा होईल.